तरसाची शेजारीण

"दार उघडा ओ, मी आलो!" असा खणखणीत आवाज बाहेरून आला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. नवरा कारखान्यात गेलेला. फरीदाबादला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झालेला, आणि त्या गावात 'मी आलो' असं मराठीत ओरडणारा एकही पुरुष आमच्या ओळखीचा नव्हता. मी साखळी तशीच ठेवून दार किलकिलं केलं. बाहेर एक उंच, सावळी बाई उभी. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या जोडीला काळ्या दोरीत ओवलेली शिट्टी.

"मराठी हाय न्हवं तुम्ही? फोडणीच्या वासानं वळखलं मी. वरच्या मजल्यावर राहतो. चौगुले. शाळेत पीटी शिकवतो."

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असं बोलतात हे मी ऐकून होते, पण समोरासमोर ऐकण्याची ती पहिली वेळ. मी हसू दाबत दार उघडलं. बाई आत आल्या, थेट स्वयंपाकघरात गेल्या, आमटीची चव घेतली आणि म्हणाल्या, "गूळ घातलाय. पुण्याच्या तुम्ही." त्या दिवसापासून माझं नाव 'पुणं' पडलं. "ओ पुणं, खाली या." "ओ पुणं, लिंबू हाय का?" आमच्या सोसायटीतल्या पंजाबी बायकांना पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं की माझं नाव खरोखरच पूनम वगैरे काहीतरी आहे.

बाईंचे यजमान फौजेत सुभेदार, कायम सीमेवर. मुलगा सैनिकी शाळेत. छावणीतलं घर सोडून बाई इथे एकट्या राहिल्या होत्या, कारण शाळेतली नोकरी कायमची झाली होती आणि तिथली मुलींची खो-खोची टीम त्यांनी 'हातानं घडवलेली' होती. रिकामं बसणं त्यांना जमतच नसे. वीज गेली आणि सगळे गच्चीवर वारा घेत बसले, की पाचव्या मिनिटाला बाई कुणाच्या तरी पोराला सूर्यनमस्कार घालायला लावत.

ते दिवसही तसे रिकामं न बसण्याचेच होते. दिल्लीत जागा मिळेना म्हणून माणसं अशा कडेच्या गावांत घरं घेत होती. दर महिन्याला कुणाच्या तरी दारात नवी गाडी उभी राही, गच्चीवर डिशच्या थाळ्या उगवत, आणि प्रत्येक बिल्डर 'पहाड का नज़ारा' विकत होता. आमच्या मागेही पहाड होता: अरावलीची एक बुटकी रांग. तिचा अर्धा भाग दगडाच्या खाणीनं खाल्लेला. आम्ही यायच्या थोडं आधी ती खाण बंद पडली होती. उरलेल्या उतारावर विलायती कीकर माजली होती, आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो ती. तिच्याखाली गवताचं पातंसुद्धा उगवत नसे. सोसायटीची मागची भिंत आणि तो उतार यांच्यामध्ये आमचा कचरा पडे. आम्ही गॅलरीतून नजारा बघायचो तो असा.

एका सकाळी चौकीदार रामभजन धापा टाकत आला. कचऱ्यावर 'शेर' बघितला म्हणाला. दुपारपर्यंत शेराचा चित्ता झाला, संध्याकाळी लांडगा. दुसऱ्या दिवशी वनखात्याचा माणूस आला, मातीतले ठसे बघून म्हणाला, "जरख है जी." म्हणजे तरस. नाव कळल्यावर भीती कमी व्हायची ती वाढलीच. सोसायटीचे सेक्रेटरी खुरानासाहेब हे सुट्या भागांचे व्यापारी, गोलमटोल आणि मनाने वाईट नसलेले गृहस्थ. त्यांनी तातडीची मीटिंग बोलावली. कुणी म्हणालं, पिंजरा लावा. कुणी म्हणालं, कचऱ्यावर विष घातलेलं मटण टाका, सगळा प्रश्नच मिटेल. दोन-चार माना डोलल्या. मीही गप्प बसून होते. माझी मुलगी तेव्हा लहान होती.

मागच्या रांगेतून बाई उठल्या.

"ज़हर डालना है तो पहले मेरेको खिलाओ."

बाईंचं हिंदी हा एक वेगळाच प्रकार होता. मराठी शब्दाला हिंदी शेपूट लावलं की ते हिंदी होतं असा त्यांचा ठाम समज होता. "वो बिचारा कचरा खाने को क्यों आया? उधर उसका कुछ राहिलाच नहीं! मैदान काढके घेतला तो बच्चा लोग क्लास में दंगा करेगाच. चूक किसका? बच्चे का, के मैदान काढनेवाले का?"

खुरानासाहेबांना 'काढके' कळलं नाही, पण सूर कळला. ते म्हणाले, "मॅडम, आप ही बताइए, क्या करें?"

"कचरा झाको. और एक पावसाळा मेरेको दो. मैं उसको उधर ही ठेवता हूँ."

घरी परतताना जिन्यात मी विचारलं, "बाई, म्हणजे नक्की काय करणार तुम्ही?"

"ते मला तरी कुठं ठाऊक हाय!" त्या म्हणाल्या. "पण आधी हो म्हणायचं ओ, पुणं. मग माणूस आपसूक शोधतंय."

पहिल्या वर्षी त्यांनी जे केलं ते आठवलं की मला अजून हसू येतं. नर्सरीतून गुलमोहर आणि अशोकाची रोपं आणली, रामभजनला हाताशी धरून उतारावर ओळीत लावली. ओळ इतकी सरळ, की वाटावं आता ही रोपं कवायत करणार. रोज बादल्या वाहून पाणी घातलं. निम्मी रोपं नीलगायींनी खाल्ली, उरलेली उन्हात वाळून काड्या झाली. बाईंना सुरुवातीला खुरानासाहेबांचा संशय होता. नीलगाय प्रत्यक्ष बघितल्यावर तो त्यांनी मागे घेतला, पण फारसा खुशीने नाही.

मग त्या वनखात्याच्या रोपवाटिकेत गेल्या. मलाही ओढून नेलं. तिथले नेगी नावाचे गढवाली अधिकारी गुलमोहराची कथा ऐकून हसले. म्हणाले, "मॅडम, गुलमोहर तर परदेशातून आलेला. ही कीकरही तशीच. या दगडात टिकणारं झाड म्हणजे धौ. बकऱ्यांनी खाल्लं तर जमिनीलगत सरपटत वाढतं, सवड मिळाली की उभं राहतं. सोबत खैर लावा, बोर लावा. पण आधी कीकर मुळासकट काढावी लागेल. नुसती तोडली तर चौपट येते."

"आता गं बया," बाई मला म्हणाल्या, "मी परदेशी पाव्हणं हटवायला दुसरं परदेशी पाव्हणं बशीवलं की!"

मुळासकट काढणार कोण, हा प्रश्न होता. उत्तर बाईंना शेजारच्या सेक्टरात मिळालं. तिथे नुकताच एरोबिक्सचा क्लास निघाला होता. टीव्हीवर बघून आमच्या बायका त्यासाठी वेड्या झाल्या होत्या. फी ऐकून नवरे. एका सकाळी सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसलं: 'मुफ़्त एरोबिक्स. कमर कम होगा. पुराना साड़ी पहनके आना.'

उजाडताना आम्ही सगळ्या जमलो. बाईंनी शिट्टी मारली, मागचं फाटक उघडलं, आणि धावत आम्हाला थेट उतारावर नेलं. तिथे कुदळी आणि फावडी मांडून ठेवलेली. "एक, वाको! दो, मारो! तीन, ओढो!" खुराना भाभी आधी रागावल्या, मग काट्याने ओरबाडल्या, मग थकून खडकावर बसल्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, कारण बाईंनी जिन्यात त्यांना गाठून म्हटलं होतं, "भाभी, एकच दिवस में फरक दिखता है." होळीपर्यंत भाभींचा खरोखर एक ब्लाउज सैल झाला. त्यानंतर खुरानासाहेबांची या कामाला हरकत घेण्याची प्राज्ञा उरली नाही. मी मात्र आळशी. मी पाणी भरून नेण्याचं काम पत्करलं आणि प्रत्येक किड्याला घाबरून ते निम्मं सांडलं. "पुणं, तुमच्या किंकाळीनं झाडं दचकायला लागलीत," बाई म्हणत.

पलीकडच्या गावातली बिमला बकऱ्या घेऊन रोज त्या उतारावर येई. धौची रोपं लावली त्याच आठवड्यात तिच्या बकऱ्यांनी एक पूर्ण पट्टा साफ केला. बाई कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"बकरी को आवरो! तुम्हारा बकरी मेरा झाड खाया, अब मैं क्या खाऊँ, माती?"

बिमला तसूभरही हलली नाही. "बकरी नै के बेरा, यो पेड़ किसका सै?" बकरीला काय माहीत, झाड कुणाचं ते!

हे भांडण कित्येक दिवस चाललं. एक कोल्हापुरी हिंदीत, दुसरी हरयाणवीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. शेवटी तोडगा दोघींनी मिळूनच काढला: खणलेली सगळी कीकर बिमलाच्या गावाने जळणाला न्यायची, आणि त्या बदल्यात बकऱ्या खाणीच्या पलीकडच्या अंगाला न्यायच्या. त्यानंतर भांडण थांबलं असं नाही. ते रोजच्या चहासारखं चालू राहिलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात बिमलाचं एक करडू नाहीसं झालं. गावात बोंब झाली की जरखानेच नेलं. दुपारी दहा-पंधरा पुरुष काठ्या आणि वाळका पाला घेऊन वर निघाले. खाणीच्या कडेला मोठ्या शिळांमध्ये एक बीळ होतं. त्याच्या तोंडाशी धूर करायचा आणि जनावर बाहेर आलं की ठेचायचं, असा बेत. रामभजनने येऊन सांगितलं तेव्हा बाई शाळेतून नुकत्या आल्या होत्या. हातातलं ताट तसंच ठेवून त्या निघाल्या. मी मागोमाग धावले, आणि खरं सांगते, मला तरसापेक्षा त्या काठ्यांचीच जास्त भीती वाटत होती.

आम्ही पोचलो तेव्हा पाल्याचा ढीग रचून झाला होता. बाई सरळ गेल्या, पायाने तो ढीग उधळला, आणि बिळाच्या तोंडाशी मांडी घालून बसल्या.

"अब करो धूर. मेरे सकट."

"मास्टरनी जी, हट जाओ," एक जण म्हणाला.

"तू सुनीता का बाप है ना? सुनीता को बोलूँ, तेरा बाप बाई माणूस के सामने काठी लेके खड़ा था?"

सुनीता खो-खोच्या टीममध्ये होती. सुनीताच्या बापाने काठी हळूच पाठीमागे नेली. दुसरा एक जण ओरडत राहिला, त्याने उधळलेला पाला पेटवायला काडीसुद्धा ओढली. बाई हलल्या नाहीत. त्यांचे ओठ कोरडे पडलेले मला दिसत होते. शिट्टी त्यांनी वाजवली नाही. ओरडल्याही नाहीत. त्या काडीकडे नुसत्या बघत राहिल्या. काडी त्याच्या बोटाशी येऊन विझली. मग कुणीतरी म्हणालं, ऊन उतरू दे, मग बघू. माणसं सावलीला पांगली.

ऊन उतरलं, पण त्या उठल्या नाहीत. अखेर बिमला आली. करडू तिचं गेलेलं. ती बाईंच्या शेजारी बसली आणि तिने त्यांना तोंड भरून शिव्या दिल्या; त्यांना, तरसाला, धौला, आम्हा सगळ्या सोसायटीवाल्यांना. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तेरा गया, वो खरा है. मेरेको वाईट लगता है." बिमला रडली. मग पदराने डोळे पुसून पुरुषांवर खेकसली, "घर चालो इब." आणि माणसं घरी गेली.

बाईंना त्या दिवशी उन्हाचा चांगलाच तडाखा बसला. पुढचे काही दिवस ताप उतरेना. मी उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते. नेगीसाहेब भेटायला आले. डोकं खाजवत, अवघडून म्हणाले, "मॅडम, कसं सांगू... या दिवसांत ते बीळ रिकामं असतं. तरस तेव्हा खाणीच्या पलीकडे राहतं."

मला वाटलं, आता बाईंचा ताप आणखी चढणार. त्या हसायला लागल्या, खोकला येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "असू दे. मोकळं घर झालं म्हणून काय झालं? कुणाचं तरी हायच की ते."

त्यानंतरचे पावसाळे चांगले गेले. धौ आधी गुडघ्याला लागली, मग कमरेला. खालून गवत आलं, गवतात तित्तर आले, ससे आले, संध्याकाळी कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकू यायला लागली. नेगी म्हणायचे, तरसं सगळीकडून कमी होत चाललीत, इथे मात्र एक जोडी टिकली आहे. कचऱ्यावर ते परत कधी आलं नाही. पण पहाटे फिरायला जाणाऱ्यांना वरच्या पायवाटेवर ते आता दिसू लागलं होतं. खुरानासाहेबांना तर दोनदा दिसलं. पिंजऱ्या-विषाची मीटिंग बोलावणारा हा माणूस पाहुण्यांना गॅलरीत नेऊन हात दाखवून सांगे, "वहाँ! हमारा जरख वहाँ रहता है. दिल्ली में है किसी के पास?"

एकट्या बाईंना ते दिसलं नव्हतं. कसं दिसणार? उतारावर पाऊल टाकलं की त्या तिथूनच रामभजनला हाक मारत. कुणी पायवाट सोडली की शिट्टी. प्रत्येक रोपाशी बोलत, मोठ्याने. तीनचार टेकड्यांपलीकडच्या जनावरालासुद्धा कळावं की मास्टरनी आली. कुणी तरस बघून आलं की बाई त्याला जिन्यात अडवत. "कुठं हुतं? कुठल्या अंगाला गेलं? मान वर हुती का खाली?" सगळं ऐकून घेत आणि मग खट्टू होत. "बघा की, खुरानाला दर्शन देतंय. मी काय त्याचं घोडं मारलं हुतं?"

मग सुभेदारसाहेब निवृत्त झाले. गावी घर बांधून तयार होतं, सासूबाई थकल्या होत्या. बाईंनी शाळा सोडली. आठवडाभर सामानाची बांधाबांध चालली. टेम्पो निघायच्या आदल्या संध्याकाळी मी वर गेले आणि म्हटलं, "बाई, चला. आज दोघींनीच जायचं. शिट्टी घरी ठेवायची, आणि एक शब्द बोलायचा नाही."

"न्हाई बोलत," त्या म्हणाल्या आणि खरोखर गळ्यातली शिट्टी काढून खिळ्याला अडकवली.

आम्ही खाणीच्या वर, एका धौच्या आडोशाला खडकाला पाठ टेकून बसलो. सूर्य दिल्लीच्या धुरकट आभाळात उतरत होता. खाली सोसायटीतले कुकर ऐकू येत होते. बाई गप्प होत्या. बाईंना इतकं गप्प मी कधीच बघितलं नव्हतं. मला आतून भरून आलं. थोड्या वेळाने मी त्यांच्याकडे वळून बघितलं तर बाईंची मान एका बाजूला कलली होती. आठवडाभराची दमणूक; बसायला मिळालं आणि त्या झोपल्या. झोपल्या त्या झोपल्या, घोरायला लागल्या.

मी त्यांना हलवायला हात पुढे केला, आणि तेवढ्यात ते आलं.

खालच्या गवतातून वर आलं. उतरती पाठ, मागचे पाय जरा आखूड, अंगावर काळे पट्टे, मानेवर आयाळ. कुणाच्या तरी घरातून दबकत चालावं तसं चालत होतं. त्याच्या मागे एक पिल्लू, बरंच मोठं झालेलं, दर दोन पावलांना काहीतरी हुंगायला थांबणारं. मी हात तसाच हवेत ठेवला. हलले असते तर ते पळालं असतं. बाईंना उठवलं असतं तर त्या पहिली हाक रामभजनला मारणार. तरस थांबलं. मोठाले कान उभे करून त्याने आमच्या दिशेला तोंड वळवलं आणि बाईंचं घोरणं ऐकलं. अगदी मन लावून ऐकलं. मग त्यात काही धोका नाही असं ठरवून ते पिल्लाला घेऊन धौच्या दाटीत निघून गेलं.

काळोख पडायला लागला तेव्हा बाई दचकून जाग्या झाल्या. माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आलं हुतं?"

खोटं बोलावं असं क्षणभर फार वाटलं. "आलं होतं," मी म्हटलं. "समोरून गेलं. पिल्लू होतं बरोबर."

"मग मला उठवला का न्हाई ओ?"

"उठवलं असतं तर तुम्ही ओरडला असता."

बाईंनी विचार केला. "ते बी खरंच," म्हणाल्या.

त्या रडतील असं मला वाटलं. एव्हाना मीच रडायच्या बेताला आले होते. त्यांनी खालच्या गवताकडे नजर टाकली. मग खो-खोच्या टीममधल्या मुलीची चौकशी करावी तशा सुरात त्यांनी विचारलं, "अंगानं कसं हाय ते? बरगड्या दिसत हुत्या?"

"नाही. चांगलं भरलेलं होतं."

"आन् पिल्लू?"

"तेही. पोट गोल होतं."

"मग झालं," बाई म्हणाल्या. उठल्या, साडीला लागलेली कुसळं झटकली, आणि पहिल्यांदाच अगदी हलक्या पावलांनी, एकही हाक न मारता, माझ्यापुढे उतार उतरू लागल्या.